जपानीचा भाव

मी जपानी शिकणार आहे असं घरात सांगितलं, तेव्हा मायला वाटलं मी धान रोवायला शिकणार. यात तिची काही चूक नव्हती. आमच्याकडे जपानी म्हणजे रोवणीची एक पद्धत. सरकारी माणसांनी कधीतरी गावोगाव हिंडून ती शिकवली होती. धानाच्या बांधीत आडवी दोरी धरायची आणि दोरीच्या कडेने सारख्या अंतरावर पऱ्हे, म्हणजे रोपं, लावत मागे मागे यायचं. मायचं माहेर सडक अर्जुनीकडचं. लग्नाआधी तिने चिखलात उभं राहून हे काम पुष्कळ केलेलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "त्याच्यासाठी हैदराबादले कायले जाते वो? दोरी धराची आन् रोवत जाचं. मीच शिकवून देते तुले." मी म्हटलं, माय, जपानी भाषा, जपानात लोक बोलतात ती. सूप पुन्हा उचलत ती म्हणाली, "आन् कोणासंग बोलशील?" पुढे नोकऱ्यांच्या मुलाखतींना मी पुष्कळ बसले, टाय लावलेल्या माणसांनी पुष्कळ काय काय विचारलं, पण इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नाही.

आमचं घर गोरेगावात, बाजाराच्या रस्त्यावर. पुढच्या खोलीत बाबांचं धान खरेदीचं दुकान, मागे दोन खोल्या आणि शेवटी स्वयंपाकघर. दुकान आणि घर यांच्यामध्ये भिंत होती, पण धुळीला ते कुणी सांगितलं नव्हतं. हंगामात भुसा कपड्यांत सापडायचा, अंथरुणात सापडायचा, कधी वरणातही सापडायचा. सकाळी हमाल आले की पोती आपटल्याचे आवाज सुरू होत. पहिलं पोतं काट्यावर चढवताना हमाल 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे, आणि मग दोन, तीन. बालवाडीत मला पहिल्यांदा आकडे म्हणायला उभं केलं तेव्हा मी मोठ्या आवाजात 'लाभ, दोन, तीन' म्हटलं होतं, आणि बाई हसून खुर्चीत बसल्या होत्या. दुपारी भात शिजत आला की माय त्याची पेज ओसरून, मिठाचा खडा टाकून, वाटीत द्यायची. भात, लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी, आणि बाजाराच्या दिवशी झिंगे. झिंगे तव्यावर पडले की समोरच्या दुकानातला दर्जी मशीन थांबवून विचारायचा, "वहिनी, आज जेवायले बोलावता का?" माय दर वेळी नाही म्हणायची आणि दर वेळी एक वाटी पाठवायची.

बाबा धान हाताने पाहायचे. पोत्यातून मूठभर काढायचे, दोन तळव्यांत घासायचे, फुंकर मारून कोंडा उडवायचे आणि राहिलेल्या दाण्यांतला एक दाताखाली धरायचे. कट् आवाज आला की धान वाळलेलं. नाही आला की ओलं. मग ते एकदाच भाव बोलायचे. घासाघीस त्यांना जमत नसे, आणि आवडतही नसे. शेतकरी दुसरीकडे विकायला निघाला तरी आधी आमच्या दुकानाशी थांबून बाबांचा भाव ऐकून जाई. बाबा खोटं बोलत नाहीत हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. आम्हा घरच्यांना त्याचा त्रासच जास्त. पाहुण्यांना 'भाजी छान झाली' म्हणायचीसुद्धा सोय नव्हती, लगेच बाबांचं, "मीठ जास्त झालं आहे थोडं." आणि वेळेचं तर विचारूच नका. साडेनवाची एस.टी. असली की आम्ही साडेआठला स्टँडवर. मी लहानपणीचा निम्मा काळ एस.टी.ची वाट पाहण्यात घालवला आहे.

जपानी घरात आली ती दुकानातल्या रेडिओतून. दिवेलागणीला बाबा बातम्या लावायचे. एकदा बातम्या शोधता शोधता रेडिओचा काटा घसरला आणि खरखरीतून एक बाई स्वच्छ हिंदीत बोलू लागली. ती जपानातून बोलत होती. बातम्यांनंतर दहा मिनिटांचा भाषेचा पाठ होता. त्यात एक माणूस स्टेशनावर कुणाला तरी रस्ता विचारत होता, आणि त्याला रस्ता सापडतो की नाही हे ऐकायला मी दुसऱ्या दिवशीही रेडिओशी जाऊन बसले. मग रोजच बसू लागले. पत्ता सांगितला तसं पत्र टाकलं, आणि दीड-दोन महिन्यांनी पाठांची एक पुस्तिका पोस्टाने आली. पोस्टमनने ती आणून देण्याआधी अर्ध्या बाजाराला दाखवली होती. त्या दिवसापासून मी बाजारात 'जापानी' झाले. मायला वाटे, ते रेडिओच्या नादाने पडलेलं नाव. "ए जापानी, बाबा हायेत का दुकानात?" पावत्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी ती अक्षरं गिरवायचे. बोलायला कुणी नव्हतं, म्हणून दुकानासमोर सोडलेल्या बैलांशी बोलायचे. ते मान हलवायचे. ती भाषा मला का आवडली हे आजही नीट सांगता येत नाही. वाक्य पुरतं संपेपर्यंत समोरचा हो म्हणतो आहे की नाही ते कळत नाही, एवढं आठवतं. मला वाटायचं, हे अगदी बाबांसारखं आहे.

बारावीचा निकाल लागला आणि मला चांगले मार्क पडले, तिथून सगळा घोळ सुरू झाला. आजच्या मुलांना सांगून पटायचं नाही, पण त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात डी.एड.ला नंबर लागणं म्हणजे मुलीचं आयुष्य मार्गी लागणं. दोन वर्षांचा अभ्यास, मग शिक्षणसेवक, मग कायमची नोकरी, दिवाळीच्या सुट्ट्या, पेन्शन. स्थळंसुद्धा आधी 'डी.एड. आहे का?' विचारत. माझा नंबर गोंदियाच्या कॉलेजात लागला. माझ्याच वर्गातल्या शीलाचाही तिथेच लागला. मामा गोंदियात एका कचेरीत होता, तो पेढे घेऊनच आला. त्याची भाषा गोंदियाची, अर्धी हिंदी. "जीजाजी, अब टेन्शन खतम. लड़की टीचर बन गई समझो. लाइफ सेट." नेमक्या त्याच आठवड्यात हैदराबादच्या विद्यापीठाचंही पत्र आलं. वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून मी तिकडचा फॉर्म भरला होता, नागपूरला परीक्षा देऊन आले होते. घरी सांगितलं होतं, पण नंबर लागेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, मला तर नाहीच. बी.ए., जपानी, तीन वर्षं. मामाने पत्र दोनदा वाचलं. "बी.ए. तो ठीक है, पर जापानी में? ये कौन सी नोकरी देगा?"

बाबांच्या धंद्याची सवय अशी की माल पाहिल्याशिवाय भाव बोलायचा नाही, आणि हा माल त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. मग त्यांनी विचारपूस सुरू केली. दुकानात येईल त्याला विचारायचे. बँकेच्या साहेबांना विचारलं, खताच्या एजंटाला विचारलं, रायपूरला ट्रक घेऊन जाणाऱ्या एका सरदारजी ड्रायव्हरलाही विचारलं. "जपानी शिकलं तर काय भेटते?" कुणी म्हणे लाखो भेटतात, कुणी म्हणे काहीच भेटत नाही. बाबा दोघांचंही ऐकून घ्यायचे आणि कोऱ्या चेहऱ्याने पुढचं पोतं उघडायचे. मला फार अपमान वाटायचा. मी वयाने अठरा वर्षांची आणि डोक्याने त्याहून लहान होते. मला वाटे, ज्ञानाला भाव विचारतात का कुणी? आता माझ्या मुलाच्या कॉलेजची फी भरताना मी तेच करते. नेटवर तासन् तास पाहत बसते, कुठल्या पदवीला किती मिळतात म्हणून. तेव्हा मात्र मी दोन दिवस बाबांशी नीट बोलले नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मग एक दिवस खबर आली की गोंदियाला ज्या राइस मिलमध्ये बाबा धान देत, तिथे जपानहून मशीन आलं आहे. तांदळातला काळा दाणा निवडून बाहेर फेकणारं. मशीन बसवायला एक जपानी इंजिनिअर आला आहे, आणि त्याच्याबरोबर त्याचं बोलणं सांगायला पुण्याची एक बाई. बाबांनी मला सांगितलं, "उद्या चाल माझ्यासंग." मायने डब्यात लाखोळीचे वडे भरून दिले. आम्ही अर्थातच तासभर आधी स्टँडवर जाऊन बसलो.

मिलमध्ये एवढा आवाज होता की माणसं बोलताना एकमेकांच्या कानाशी तोंड नेत. इंजिनिअर गळ्यात टॉवेल अडकवून मशीनखाली शिरला होता, त्याचे फक्त पाय दिसत होते. जवळच स्टुलावर पुण्याच्या देशपांडे मॅडम बसल्या होत्या, पन्नाशीच्या, कापसाची बोळी कानात घातलेल्या. मिलच्या सेठने ओळख करून दिली. बाबांनी हात जोडले आणि विचारलं, "बाई, राग नका मानू. तुमाले दिवसाचे किती भेटते?" मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. सेठसुद्धा खोकला. मॅडमनी कानातली बोळी काढली, प्रश्न पुन्हा ऐकला आणि हसून म्हणाल्या, "तीन हजार." बाबांचा चेहरा हलला नाही, पण मला ठाऊक होतं ते काय मोजत आहेत. शिक्षणसेवकाला त्या वेळी महिन्याचे तीन हजार मिळत. "एका दिवसाचे?" "हो, एका दिवसाचे. पण काका, पुढचंही ऐका. महिन्यात चार दिवस काम मिळालं तर नशीब. मागच्या वर्षी दोन महिने एकसुद्धा दिवस नव्हता. सुट्टी नाही, पेन्शन नाही. आजारी पडलं की पैसे बंद." बाबांनी मान हलवली. "म्हणजे आमच्या धंद्यासारखंच. हंगाम आला तर आला." "अगदी तसंच," मॅडम म्हणाल्या.

मग मॅडमनी वाकून इंजिनिअरला काहीतरी विचारलं. मशीनखालून आवाज आला, "इमा मिते इमासु." मला ते समजलं. रेडिओबाहेर, खऱ्या माणसाच्या तोंडून आलेलं पहिलंच वाक्य, आणि ते मला समजलं! मी बाबांचा हात दाबून म्हटलं, "बाबा, थो म्हणून राहिला, आता पाहून राहिलो." मॅडम झटकन वळल्या. "काय म्हणालीस?" मी लाजेने लाल झाले. शाळेत निबंधात 'करून राहिलो' लिहिलं की गुरुजी लाल शाईने खोडत आणि बाजूला 'करत आहे' लिहीत. नागपूरला परीक्षेला गेले तेव्हा तिथल्या मुलीही माझं बोलणं ऐकून हसल्या होत्या. मी घाईने सुधारलं, "पाहत आहे. ते पाहत आहेत." "नाही, नाही, आधीचं सांग." "पाहून राहिलो." मॅडमनी कपाळाला हात लावला. "अगं, मिते म्हणजे पाहून. इमासु म्हणजे राहतो, असतो. पाहून राहिलो! शब्दाला शब्द. पुण्यात मुलांना एवढं एक समजवायला मला पंधरा पंधरा दिवस लागतात, आणि तुम्ही लोक हे घरात बोलता?" बाबा म्हणाले, "आमी तर असंच बोलून राहिलो जन्मापासून." मॅडम एवढ्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या आम्हाला हसत नव्हत्या, हे मला लगेच कळलं. आमच्या बोलण्यावर कुणीतरी खूश होऊन हसतं आहे, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

मला मग जरा धीर आला. मी डबा उघडला, मशीनपाशी खाली बसले आणि पाठ केलेलं वाक्य जोरात म्हटलं, "ताबेते मिते कुदासाइ." खाऊन पाहा. मशीनखालचे पाय थबकले. मग सरपटत गुडघे आले, टॉवेल आला, आणि शेवटी काजळीने माखलेला एक गोल चेहरा. त्याने मला पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि दोन्ही हात जोडून एक वडा उचलला. सेठ ओरडला, "अरे, दो घंटे से हम चाय के लिए बुला रहे थे, नहीं निकला! बिटिया ने निकाल दिया!" इंजिनिअरने चार वडे खाल्ले आणि माझ्याशी पुष्कळ बोलला. त्यातलं मला 'रुचकर' आणि 'आई' एवढंच कळलं. मी बाबांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून उभे होते आणि मूठभर धान हातात असल्यासारखे दोन्ही तळवे एकमेकांवर घासत होते. निघताना मॅडम त्यांना म्हणाल्या, "मुलीला पाठवा, काका. पण पैशांची हमी मी देणार नाही." परतीच्या बसमध्ये बाबा एकच वाक्य बोलले, "बाईनं खरं सांगतलं."

घरी मात्र मायने सगळं ऐकून घेतलं आणि पोळपाट धुता धुता म्हणाली, "तीन हजार एका दिवसाचे, आन् दोन महिने कोरडे. त्या कोरड्या महिन्यात काय खाशील?" मायला मी फार दिवस या गोष्टीतली अडवणारी बाई समजत आले, ही माझी चूक. ती चौथीपर्यंत शिकलेली. शाळा पुढे दुसऱ्या गावात होती म्हणून तिचं नाव काढलं होतं. आमच्या दारावरून रोज सकाळी एक शिक्षिका शाळेत जायच्या, इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स. माय झाडताना हात थांबवून त्यांना जाऊ द्यायची, धूळ उडू नये म्हणून. माझा डी.एड.ला नंबर लागला त्याच आठवड्यात तिने बाजारातून माझ्यासाठी एक काळी पर्स आणली. खुंटीला अडकवून ठेवली आणि रोज फडक्याने पुसायची. एका दुपारी मी दुकानातून पाणी प्यायला आत आले, तर माय ती पर्स खांद्याला लावून आरशासमोर उभी होती. पदर सारखा करून, मान ताठ करून. मी पाऊल न वाजवता मागे फिरले आणि बराच वेळ पोत्यांच्या आडोशाला बसून राहिले.

त्याच दिवशी जेवताना मी सांगून टाकलं, "मी डी.एड. करते." मायने माझ्या भातावर तूप वाढलं, आणि पुन्हा एकदा वाढलं. बाबांचा हात ताटात थांबला. "मनापासून म्हणून राहिली?" मी हो म्हटलं. खोटं बोलणं मला त्यांच्याइतकं अवघड जात नसे. पुढचा घास उचलत ते म्हणाले, "बरं."

डी.एड.ची फी भरायचा शेवटचा दिवस दोन दिवसांवर होता. त्या शेवटच्या दिवशी बाबा सकाळच्या पहिल्या गाडीने पैसे घेऊन गोंदियाला गेले. मी दिवसभर दुकान सांभाळलं. रेडिओ लावला नाही. मी स्वतःला समजावत होते की शिक्षिका होणं काही वाईट नाही, मुलांना शिकवता शिकवता जपानीही करता येईल, आणि पावत्यांच्या मागे गिरवलेली सगळी अक्षरं फाडून चुलीत घालत होते. बाबा संध्याकाळच्या शेवटच्या गाडीने आले. दारातच चपला काढत म्हणाले, "खिडकी बंद झाली होती. मले उशीर झाला." माय स्वयंपाकघरातून बाहेर आली. "उशीर? तुमाले?" "हो. उशीर झाला." त्यांनी पैशांचं पाकीट तिच्या हातात दिलं आणि हातपाय धुवायला मागे गेले.

मला एवढा आनंद झाला की मी एकही प्रश्न विचारला नाही. पहिल्या गाडीने गेलेल्या माणसाला उशीर कसा होतो, हे एखाद्या लहान मुलानेही विचारलं असतं. मी विचारलं नाही. त्या आनंदाची मला आजही लाज वाटते. दुसऱ्या दिवशी मामा आला आणि दुकानात, हमालांसमोर, बाबांना वाटेल तसं बोलला. "जीजाजी, एक काम दिया था आपको! एक! लड़की की जिंदगी का सवाल था!" बाबा मान खाली घालून ऐकत होते. ज्याच्या शब्दावर सारा बाजार चालायचा, तो माणूस एखाद्या वांड पोरासारखा बोलणी खात होता. माय तीन दिवस त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. ताट वाढायची आणि निघून जायची. मामा तिच्याकडे पाहून म्हणाला, "देखो, दीदी का क्या हाल कर दिया." चौथ्या दिवशी सकाळी तिने माझी ट्रंक काढून उन्हात ठेवली, आतून पुसली आणि बाबांना म्हणाली, "हैदराबादची गाडी किती वाजता हाये, ते विचारून या." ती काळी पर्स तिने स्वतःच माझ्या खांद्याला अडकवली.

त्या पदवीचं पुढे काय झालं ते सांगायला हवं, कारण बाबा फोनवर दर वेळी तेच विचारत, "भाव काय चालू आहे?" पहिली काही वर्षं चांगला होता. मी चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून लागले. पहिला पगार शिक्षणसेवकाच्या मानधनाच्या कितीतरी पट होता, आणि मी तो आकडा फोनवर सांगितला तेव्हा बाबा म्हणाले, "ओला तर नाही ना?" म्हणजे आज जड दिसतो, उद्या वाळून हलका होईल असा नाही ना. झालाही. मंदी आली तेव्हा सात महिने घरी बसले, मायचे कोरडे महिने मी पुरेपूर भोगले. पुन्हा काम मिळालं, पुन्हा गेलं. आता तर फोनच बोलतो. कारखान्यातली पोरं फोन समोर धरतात आणि जपानी साहेब त्यालाच उत्तर देतो. मला बोलावतात ते भांडण झालं की, किंवा कुणाच्या मनात काय आहे ते कळेनासं झालं की. शीलाचं डी.एड. झालं त्याच सुमारास भरती थांबली. ती कितीतरी वर्षं वाट पाहत राहिली, आणि आता एका खाजगी शाळेत शिकवते. म्हणजे दोघींपैकी कुणाचा माल खरा होता, हे बाबांनासुद्धा मूठ उघडून सांगता आलं नसतं.

बाबा गेले तेव्हा शीला भेटायला आली. अंगणात बसलो होतो. रडून झालं, चहा झाला, आणि ती सहज म्हणाली, "काका त्या दिवशी किती वेळ बसून होते वो, तुझ्या फीच्या दिवशी." मी म्हटलं, कुठे बसून होते? "कॉलेजात. खिडकीसमोरच्या बाकड्यावर. मी दादासंग गेली होती ना. चार वाजता माझी फी भरली, तरी खिडकी उघडीच होती. मी म्हटलं, काका, रांग नाही आता, भरून टाका. तर म्हणाले, तू भर बेटा, मी उशीर करून राहिलो. मले वाटलं, पैसे कमी पडले असतील बिचाऱ्याले. म्हणून मी कोणाले सांगतलं नाही."

मला बसवेना. मी उठून स्वयंपाकघरात गेले. माय खाली बसून तांदूळ निवडत होती. आता तिला खडे दिसत नाहीत, बोटांनी चाचपून काढते. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. बाबा आयुष्यात एकदाच खोटं बोलले आणि ते माझ्यासाठी. वाटलं, तिला धक्का बसेल, कदाचित आता रागही येईल. तिची बोटं थांबली नाहीत.

"मले तवाच माहीत होतं," ती म्हणाली.

"कसं काय?"

"सकाळी जाताना त्याईनं डबा मागला माझ्याजवळ. दोन वेळचा. फी भरायले जाणारा माणूस दोन वेळचा डबा नेते का?"

"आन् तू भरून देला?"

"देला. उपाशी बसले असते ना दिवसभर."

मग मला तो अबोला आठवला. "माय, मंग तू तीन दिवस त्याईच्याशी बोलली काऊन नाही?"

"बोलली असती तर तुझ्या मामाले थो उशीर खरा वाटला असता का? संशय आला असता, आन् थो दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन, हातापाया पडून, तुझं नाव घालून आला असता." तिने एक खडा काढला, दाराबाहेर टाकला आणि सूप माझ्याकडे सरकवलं. "पर त्याच्यासाठी एक दिवस पुरला असता. बाकीचे दोन दिवस मी नाही बोलली, ते तू जाऊन राहिली होती म्हणून."